ओहायोत रायफल चालते, पण कुठलीही नाही

मकरंददादा, ‘हरणांच्या हंगामात कुठलीही रायफल चालते’ असं तुम्ही लिहिलंय, पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हरणांच्या शिकारीचा नियम तसा नाही. इथे पूर्वी लांब बंदुकांत फक्त शॉटगन आणि मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) चालायच्या. 2014 पासून सरळ काडतुसाच्या, म्हणजे ज्याचं कवच पुढे निमुळतं होत नाही अशा काडतुसाच्या रायफलला मुभा मिळाली; कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, .357 ते .50 इंच. पुढे निमुळतं होणारं .308 काडतूस चालत नाहीच, कारण त्याची गोळी फार लांब जाते आणि सपाट शेतांपलीकडे लोकांची घरं असतात. बंदुकीत एकावेळी तीनच काडतुसं.

आणि कृपा करून लांबून उठून दिसणारं केशरी जॅकेट विसरू नका! नुसती टोपी पुरत नाही. बंदुकीने शिकार करायच्या हंगामात धनुष्यबाण घेऊन जाणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे. नवख्यांना हे कुणी सांगतच नाही.