मिशिगनचे तेरा मतदारसंघ: नकाशा सुधारला, मग निकाल ऑगस्टमध्येच कसा लागतो?

नकाशेवाला:
काल एका पोस्टमध्ये वाचलं, "मिशिगनने नकाशा राजकारण्यांच्या हातून काढून घेतला, जेरीमँडरिंग संपलं, आता तेराही मतदारसंघांत प्रत्येक मताला सारखीच किंमत आहे." (जेरीमँडरिंग म्हणजे एका पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या रेषा ओढणं. आणि हे मतदारसंघ अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, कनिष्ठ सभागृहाचे.) पहिला भाग मान्य. शेवटचा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

2018 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोजल टूने नकाशा आखणारा स्वतंत्र आयोग आला, उत्तम झालं. 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन आणि 5 कुठल्याच पक्षाचे नसलेले, असे 13 सामान्य नागरिक. नकाशा मंजूर व्हायला बहुमत तर हवंच, शिवाय प्रत्येक गटातली किमान दोन मतं हवीत. 28 डिसेंबर 2021 ला 'चेस्टनट' नकाशा मंजूर झाला. सरासरी 7,75,179 लोकसंख्येचा एक मतदारसंघ.

आता प्रत्यक्ष लढत कुठे आहे ते बघा. सातवा (लान्सिंग), आठवा (फ्लिंट, सॅगिनॉ), दहावा (वॉरन, स्टर्लिंग हाइट्स) आणि ओढूनताणून तिसरा (ग्रँड रॅपिड्स). उरलेल्या नऊ मतदारसंघांत कोण निवडून येणार हे ऑगस्टच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) ठरतं. बर्गमन, मूलेनार, ह्युझेंगा, वॉलबर्ग, मॅक्लेन एका बाजूला (रिपब्लिकन). डिंगेल, स्टीव्हन्स, तलीब आणि तेराव्यातले (डेट्रॉइट) श्री ठाणेदार दुसऱ्या (डेमोक्रॅट). तिथे नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीतलं मत म्हणजे झालेल्या निकालावर शिक्का. ट्रॉय, नोवाय, कँटनमधली आपली मंडळी नोव्हेंबरमध्ये हौसेने रांगेत उभी राहतात आणि ऑगस्टमध्ये घरी बसतात. त्यांच्या मताची किंमत नकाशाने नाही, त्यांनीच घालवली.

चौकट:
तुम्ही आधीचा नकाशा विसरलात असं दिसतंय. 2012 मध्ये राज्यभरात काँग्रेससाठी डेमोक्रॅट उमेदवारांना जास्त मतं पडली आणि जागा मिळाल्या तेव्हाच्या 14 पैकी 5. रिपब्लिकनांना 9. तो जुना चौदावा मतदारसंघ आठवून बघा: ग्रोस पॉइंटपासून निघून डेट्रॉइटमधून वळणं घेत फार्मिंग्टन हिल्समार्गे थेट पाँटिअ‍ॅकपर्यंत. तो नकाशा बनवताना पाठवलेल्या मेलमध्ये डेमोक्रॅट मतदारांना कचरा म्हटलं होतं, ते खटल्यात बाहेर आलं. एप्रिल 2019 मध्ये फेडरल कोर्टाने नकाशा रद्द केला आणि दोनच महिन्यांत सुप्रीम कोर्टाने पक्षीय जेरीमँडरिंग आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून सगळंच गुंडाळलं. म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद झाला, आयोग नसता तर तोच नकाशा पुन्हा आला असता.

आणि निकाल बघा ना. 2022 मध्ये डेमोक्रॅट 7, रिपब्लिकन 6. 2024 मध्ये वारं फिरलं, ट्रम्प सुमारे 80,000 मतांनी राज्य जिंकले, तर रिपब्लिकन 7, डेमोक्रॅट 6. वाऱ्याबरोबर जागा हलतात. नकाशाकडून आणखी काय हवं?

नकाशेवाला:
2022 मध्ये डेमोक्रॅट व्हिट्मर दहा टक्क्यांहून जास्त फरकाने गव्हर्नर झाल्या. तेवढं वारं असूनही 7-6 च. दहाव्यात रिपब्लिकन जॉन जेम्स अवघ्या सोळाशे मतांनी आले, नाहीतर 8-5 होतं. 2024 मध्ये एकच जागा फिरली, सातवी. तिथल्या डेमोक्रॅट स्लॉटकिन सेनेटला (वरच्या सभागृहात) गेल्या, जागा रिकामी झाली, रिपब्लिकन बॅरेट आले. "वाऱ्याबरोबर हलतात" म्हणजे तेरापैकी एक हलली. आयोगाने चोरी थांबवली हे कबूल. स्पर्धा आणली हे कबूल नाही.

चौकट:
स्पर्धा आणणं हे आयोगाचं कामच नव्हतं! मिशिगनच्या राज्यघटनेतला क्रम वाचा. आधी समान लोकसंख्या आणि व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट (अल्पसंख्याकांच्या मताधिकाराचा फेडरल कायदा), मग सलगता, मग समान हितसंबंधांचे समाज, मग कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा नको, मग विद्यमान उमेदवाराला झुकतं माप नको, मग काउंटी-शहरांच्या सीमा, सगळ्यात शेवटी आटोपशीर आकार. चुरशीची लढत या यादीत कुठेच नाही. अप्पर पेनिन्सुला रिपब्लिकन आणि अ‍ॅन आर्बर डेमोक्रॅट आहे, त्याला पेन्सिल काय करणार?

बेळगावकर:
तेराव्याचा, म्हणजे ठाणेदारांच्या जागेचा, विषय निघालाच आहे तर एक सांगतो. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये जातो, आणि इथे त्याचं नाव 'प्रायमरीत ठरलेल्या जागा' या यादीत टाकून मोकळे होतात. निदान आपल्या माणसाबद्दल बोलताना तरी हात आखडता घेऊ नये.

दुसरी बाजू:
आपला माणूस म्हणून आकडे बदलत नाहीत हो. 2022 च्या तेराव्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार 28 टक्क्यांवर जिंकले. मिशिगनमध्ये प्रायमरीला रनऑफ (पहिल्या दोघांची फेरलढत) नसतो, सर्वांत जास्त मतं त्याची जागा. 72 टक्के मतं दुसऱ्यांना पडली, नोव्हेंबरची लढत नावापुरती. परिणाम असा की 1955 मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेल्यापासून डेट्रॉइटचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे असायचा, ती साखळी जानेवारी 2023 मध्ये तुटली. डेट्रॉइटकरांना याचं दुःख झालं तर त्यांचं काय चुकलं? अभिमान तुमचा असेल, शहर त्यांचं आहे.

बेळगावकर:
म्हणजे मराठी माणूस जिंकला की नियम वाईट? 28 टक्क्यांचा नियम सगळ्या नऊ जणांना सारखाच लागू होता. बाकीच्यांना एकत्र यायला कुणी अडवलं होतं? एका सुपर पॅकने (उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करणारा गट) तर ठाणेदारांचे प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांच्या मागे लाखो डॉलर ओतले. आणि 2024 मध्ये हेच ठाणेदार निम्म्याहून जास्त मतं घेऊन आले, ते का लपवता?

दुसरी बाजू:
लपवत नाही, पण पूर्ण सांगा. 2024 मध्ये हॉलियरांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. काँग्रेसच्या उमेदवारीला मिशिगनमध्ये मतदारांच्या किमान 1000 वैध सह्या लागतात. त्यांच्या फक्त 863 वैध ठरल्या.

बेळगावकर:
मग? सह्यांवर हरकत घेणं हा प्रतिस्पर्ध्याचा हक्क आहे. 1000 सह्या गोळा करता येत नाहीत त्याने सात-पावणेआठ लाख लोकांचं प्रतिनिधित्व काय करायचं?

शाईचा डाग:
दोघेही थांबा. सह्यांचं काम कसं चालतं ते समजून घ्या, मग हमरीतुमरीवर या.

किमान 1000, कमाल 2000. म्हणजे दुप्पटच जमा करता येतात, ढीग लावता येत नाही. मुदत प्रायमरीच्या आधीच्या पंधराव्या मंगळवारी दुपारी 4 वाजता संपते. 2024 मध्ये 23 एप्रिल. म्हणजे सह्या मिशिगनच्या हिवाळ्यात गोळा करायच्या, दारोदार फिरणं अवघड, म्हणून बरेच उमेदवार पैसे घेऊन सह्या आणणाऱ्यांवर विसंबतात. सह्या बाद होतात त्या अशा: सही करणारा नोंदणीकृत मतदार नाही, पत्ता मतदारसंघाबाहेरचा, तारीख घातलेली नाही, किंवा सह्या आणणाऱ्याने स्वतःच्या प्रमाणपत्रावर जी तारीख घातली तिच्या नंतरची तारीख मतदाराच्या सहीपुढे आहे. या शेवटच्या चुकीत खरी माणसं, खऱ्या सह्या हकनाक जातात. आणि खोट्या सह्या हा निराळाच रोग. 2022 मध्ये गव्हर्नरपदासाठी 15,000 सह्या हव्या होत्या, दहापैकी पाच रिपब्लिकन इच्छुक त्यापायी बाद झाले. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेगही होते. त्यामुळे हे तेराव्यापुरतं नाही आणि मराठी-अमराठीही नाही. हजार सह्या हव्यात तर अठराशे आणा आणि प्रत्येक कागद मतदारयादीशी ताडून मगच जमा करा, एवढाच उपाय आहे.

आणखी एक. ग्रीनकार्ड किंवा एच-वनवर असाल आणि किराणा दुकानाबाहेर कुणी सह्यांचं पॅड पुढे केलं तर भिडेखातर सही करू नका. सहीला नोंदणीकृत मतदारच लागतो. लायसन्सच्या कार्यालयात मतदारनोंदणीचा कागद पुढे आला तरी तेच. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून दिलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज त्यावरच अडतो.

पाहुणा:
आमच्यासारख्या नागरिक नसलेल्यांना हीच तर गोष्ट खटकते. 7,75,179 मोजताना आम्हाला धरतात. जनगणनेत सगळी लोकसंख्या मोजली जाते, नागरिक असो वा नसो. म्हणजे ट्रॉयमधल्या माझ्या डोक्यावर अकरावा मतदारसंघ उभा राहतो, पण मत नाही. नकाशावाल्यांनी याचंही उत्तर द्यावं.

चौकट:
याचा धाग्याशी संबंध नाही. मत नाही तरी रस्ते, शाळा, पोस्ट ऑफिस तुमचंही आहे, म्हणून मोजतात. खासदाराच्या कार्यालयात व्हिसाचं काम अडलं तर नागरिक नाही म्हणून दार लावून घेत नाहीत.

मूळ मुद्द्यावर येतो. 28 टक्क्यांचा प्रश्न खरा आहे, हे मला मान्य करावं लागतंय. पण तो नकाशाचा नाही, मतमोजणीच्या पद्धतीचा आहे. मेन राज्यात काँग्रेसच्या निवडणुकीला पसंतीक्रम (उमेदवारांना पहिला, दुसरा असे क्रम देऊन मत) चालतो. मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरच्या मतदारांनी 2021 मध्ये शहरापुरता तो मंजूर केला, तरी राज्याचा कायदा परवानगी देत नसल्याने तो कागदावरच आहे. तिथे भांडा.

नकाशेवाला:
मग माझंच म्हणणं झालं ना! रेषा सरळ केल्याने मताला किंमत येत नाही. आणि सुरक्षित मतदारसंघ नसले तरी प्रायमरी घात करते. तिसऱ्यात 2022 ला पीटर माइयर, ट्रम्प यांच्या महाभियोगाला पाठिंबा देणारे रिपब्लिकन, प्रायमरीत जॉन गिब्जकडून हरले. गिब्ज सोपे प्रतिस्पर्धी ठरतील म्हणून डेमोक्रॅट पक्षाच्याच काँग्रेस समितीने त्यांचं नाव पुढे आणणाऱ्या जाहिरातीवर चार लाखांहून जास्त डॉलर घातले. डेमोक्रॅट स्कोल्टन नोव्हेंबरमध्ये जिंकल्या, डाव साधला. पण महाभियोगाला मत देण्याची हिंमत दाखवणाऱ्याचं काय झालं ते बाकीच्यांनी पाहिलं.

चौकट:
ती समितीची हलकट चाल होती, त्याचं समर्थन मी करणार नाही. तरी मतदान रिपब्लिकन प्रायमरीतल्यांनीच केलं.

शाईचा डाग:
ज्यांना पुढच्या ऑगस्टला खरंच जायचंय त्यांच्यासाठी, कारण दर वेळी इथेच मतं वाया जातात. मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणी नाही, कुणीही कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात. एकाच रकान्यात खुणा करायच्या. वर गव्हर्नरसाठी एका पक्षात आणि खाली काँग्रेससाठी दुसऱ्यात खूण केली की पक्षांचा अख्खा भाग बाद. मतदानकेंद्रावर यंत्र कागद परत ढकलतं, नवा मागता येतो. टपालाने पाठवलात तर सांगायला कुणी नसतं. लिफाफ्यावर सही राहिली आणि ती वेळेत दुरुस्त केली नाही तर मोजणीला जात नाही. आणि टपालावरचा शिक्का चालत नाही, मतदानाच्या दिवशी रात्री 8 च्या आत क्लार्ककडे (गावाचा निवडणूक अधिकारी) पोचायला हवा. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीत टाकू नका, क्लार्कच्या पेटीत स्वतः टाका.

नोव्हेंबरला पक्षाचा एकच गोल भरून निघून जाणाऱ्यांसाठी: त्यात न्यायाधीश येत नाहीत. मिशिगन सुप्रीम कोर्टाचे उमेदवार पक्ष ठरवतात, पण ते बिनपक्षाच्या भागात असतात. तिथे वेगळी खूण करावी लागते.

बेळगावकर:
ही माहिती कामाची आहे. 28 टक्क्यांबद्दल तुम्ही म्हणता ते गणित म्हणून बरोबर आहे. चिकोडीचा अभिमान मात्र सोडणार नाही.

दुसरी बाजू:
सोडा असं कुणी म्हटलंच नव्हतं. तेराव्यात राहणारे किती जण ऑगस्टला गेले होते, तेवढं विचारा.