अनुभव धागा: आईबाबांची पहिली क्रूझ आणि डोक्यावरच्या खुर्च्या

संत्रीवाली:
सकाळी शेजारच्या काकू जहाजाच्या डेक प्लॅनचा प्रिंट घेऊन आल्या. साठीनंतरची पहिलीच क्रूझ, दोघंच जाणार, पोरगा सिंगापूरहून बुक करून राहिला. "यातली कोणती खोली घेऊ गं? तू नेलं होतं ना आईबाबांना?" कागद हातात घेतला अन् मला पहाटे ५ ची ती खरखर ऐकू आली.

आम्ही मुंबई ते गोवा केलं होतं, बाबा तेव्हा ७१ चे. मी हौसेने वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली खोली घेतली. डोक्यावर काय आहे ते पाहिलंच नाही. डोक्यावर होता स्विमिंग पूल. पहाटेपासून खुर्च्या मांडणं सुरू. ओढ, थांब, ओढ. बाबा उठून बसले, "वर कोणी घर बदलून राहिलं का?" त्यात खोली जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला. रात्री टोक वर-खाली व्हायला लागलं तशी आई पलंगाची कड धरून बसली. जेवणाचा हॉल मागच्या टोकाला आणि आईचे गुडघे तर तुम्हाला माहीतच आहेत. बाल्कनीत बाबा एकूण दोनदा गेले. एकदा टॉवेल वाळत घालायला, तो उडाला.

काकूंना म्हटलं, मधली घ्या, खालच्या मजल्यावरची, आणि वरखाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी. तुम्ही पण लिहा, संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते.

तर्रीपोहे:
एसटीच्या मागच्या सीटवर बसून उमरेडला गेलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. सी-सॉच्या मध्यावर बसलेलं पोट्टं जागेवरच राहते. आणि जितकं वर जाल तितका डावी-उजवीकडचा झोका मोठा. बस एवढंच.

खामल्याची काकू:
मी स्वतःच ६८ ची. पोरीने बिनखिडकीची खोली घेतली, स्वस्त म्हणून. दिवा बंद केला की आपलाच हात दिसत नाही. रात्री बाथरूमला उठले, दार कुठे ते कळेना, हे घोरून राहिले. त्यात बाथरूमला चार बोटं उंच उंबरा, अंगठा ठेचला. दुसऱ्या रात्री टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवलं. तेवढा उजेड पुरला. पहाट झाली तेही त्यातच कळायचं. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

बर्डीवाला:
ते ठीक आहे, जेवण कसं होतं?

तर्रीपोहे:
सावजीची आठवण काढत रडावं असं.

मनीषनगर_७:
लिफ्टच्या जवळ घ्या पण लिफ्टसमोर नको. आमच्या दारासमोरच लिफ्टचा चौक, रात्री २ पर्यंत वरात. पाच-सहा दारं सोडून घ्यायची. फार लांबही नको, मोठी जहाजं ३०० मीटरच्या वर असतात, चष्मा विसरला की गेली अर्धी सकाळ. दोन खोल्यांच्या मधे दार असलेली पण टाळा. शेजारच्या नवराबायकोचं भांडण शब्दन् शब्द ऐकलं. बाई बरोबर होती.

धंतोलीकर:
आम्ही 'गॅरंटी' घेतली होती. म्हणजे प्रकार आपण ठरवायचा, खोलीचा नंबर कंपनी देणार. मिळाली खिडकीची, पण खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली. सासूबाई म्हणाल्या, नागपूरचे म्हणून नारिंगी दिली का? म्हाताऱ्या माणसांसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी नंबर आपणच निवडा. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या खोल्या वेगळ्या असतात, मोजक्याच असतात, बुकिंगच्या वेळीच मागायच्या.

बर्डीवाला:
विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी पोचून त्याच दिवशी जहाज पकडता येते का?

मनीषनगर_७:
भाऊ, गाडी लेट झाली तर जहाज थांबते का तुमच्यासाठी? एक दिवस आधी जा.

उत्तर अंबाझरी:
मी जरा उलटं सांगते. बाबा गेल्यानंतर आईला नेलं होतं. तिला गर्दीत जायचंच नव्हतं. खोली मधलीच घेतली, पण बाल्कनीची. सकाळी चहाचा कप घेऊन ती तिथे बसायची, अंबाझरी तलावाच्या पाळीवर आईबाबा दोघं बसायचे तशी, एका बाजूला सरकून. चार दिवसांत दोनदाच हॉलमध्ये जेवायला आली. मळमळ वगैरे काही नाही, नजर सारखी दूर क्षितिजावर. तेव्हा बाल्कनी फुकट जाते असं सरसकट नका सांगू काकूंना.

खामल्याची काकू:
सरकून बसायची हे वाचून पोटात कालवलं गं. आई कशा आहेत आता?

उत्तर अंबाझरी:
बऱ्या आहेत काकू. पुन्हा कधी जायचं विचारत असतात.

धंतोलीकर:
राहिलंच. सगळी दारं एकसारखी, आपलं कोणतं कळत नाही. दारं-भिंती लोखंडी असतात, त्यामुळे खुणेला फ्रिजवरचं चुंबक चिकटते. आम्ही टेकडी गणपतीचं लावलं होतं, सासूबाई लांबूनच हात जोडत यायच्या. उतरताना काढायचं राहिलं. बाप्पा अजून फिरून राहिले असतील.

तर्रीपोहे:
बाप्पाला गॅरंटी खोली, ते पण फुकट 😂

संत्रीवाली:
वाचून दाखवलं सगळं. काकू आता मधली, बाल्कनीची, आठव्या मजल्यावरची म्हणतात. वर खोल्या, खाली पण खोल्या, पेन्सिलने गोल करून घेतला. उंबऱ्याचं ऐकून बॅटरी काढून ठेवली. अंबाझरीचं वाचताना काका उठून आत गेले, मग बाहेर येऊन विचारतात, संत्रा बर्फी नेऊ देतील का?

खामल्याची काकू:
सीलबंद डबा घ्या म्हणावं. आमचा घरचा चिवडा बंदरावरच काढून घेतला, दोन किलो.