सिटकॉम (अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका) आणि लांब मालिकांवरची टीका: मुद्देसूद उत्तर काय द्यायचं?

रिमोटधारी:
नेहमी ऐकू येणारी तीन वाक्यं. एक, मागून हसू घालावं लागतं म्हणजे विनोदात दम नाही. दोन, तोच सोफा, तीच खोली, सगळीकडे सारखा उजेड, म्हणजे दिग्दर्शन नावाला. तीन, साठ-साठ भागांच्या मालिका मध्येच रेंगाळतात, सिनेमा तेच दोन तासांत सांगतो. मी मालिकांच्या बाजूचा आहे, पण "मला आवडतात" हे काही उत्तर नव्हे. तंत्राच्या अंगाने कोणी सांगेल का? टीका जिथे बरोबर आहे तेही चालेल.

तिसरी_भिंत:
पहिले दोन आक्षेप मुळात एकाच गोष्टीवरचे आहेत. १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' ही अमेरिकन सिटकॉम सुरू झाली तेव्हा समोर प्रेक्षक बसवून, ३५ मिमी फिल्मचे तीन कॅमेरे एकदम चालवून चित्रीकरण व्हायचं. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांची अडचण अशी की दर कोनासाठी वेगळी प्रकाशयोजना शक्यच नव्हती. जमिनीवर दिवा ठेवला तर तो दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसणार, नाहीतर प्रेक्षकांच्या आड येणार. म्हणून दिवे वर टांगले आणि उजेड सगळीकडे सारखा पसरवला. ज्याला 'सपाट' म्हणून नावं ठेवतात तो हाच. त्याच्या बदल्यात नटांना अख्खा प्रवेश न थांबता करता येतो, आणि एकाचं वाक्य व दुसऱ्याचा चेहरा दोन्ही त्याच क्षणाचे मिळतात. एका कॅमेऱ्याने काम करताना तो चेहरा कदाचित दोन तासांनी टिपलेला असतो. विनोदात हा फरक जाणवतो.

सोफ्याचं तोंड आपल्याकडे का, तर चौथ्या भिंतीच्या जागी प्रेक्षक आणि कॅमेरे आहेत म्हणून. रंगमंचावरच्या दिवाणखान्यालाही तीनच भिंती असतात, त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

आता हसू. "हसू काढून टाकलं की बघा किती केविलवाणं वाटतं" अशा क्लिपा फिरतात. तो पुरावा फसवा आहे. नट हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवतो. हशा पुसला की ती थांबलेली दोन-तीन सेकंदं तेवढी उघडी पडतात. कुठल्याही फार्सच्या ध्वनिमुद्रणावर हा प्रयोग करा, तेही वेडगळच वाटेल. शिवाय प्रेक्षक नुसते शोभेला नसतात. वाक्य पडलं तर लेखक तिथल्या तिथे दुसरं वाक्य देतात आणि प्रवेश पुन्हा होतो.

खुसपट:
सहमत, पण सगळंच हसू खरं असतं असं नाही. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस यांनी बटणं दाबून वेगवेगळ्या प्रकारचं हसू वाजवणारं यंत्र बनवलं, आणि प्रेक्षकांशिवाय चित्रित झालेल्या कितीतरी मालिकांत ते वापरलं गेलं. युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' या विनोदी मालिकेवर (१९७२ ते १९८३) हसू वाहिनीच्या आग्रहाखातर आलं. ऑपरेशन थिएटरच्या प्रवेशांत मात्र निर्मात्यांनी ते येऊ दिलं नाही, आणि बीबीसीने मालिका दाखवली ती हसू काढून. बारीक लक्ष दिलं तर फरक कळतो. खरा हशा वेडावाकडा सुरू होतो, कोणीतरी आधीच फिसकन हसतं, लांबी दर वेळी वेगळी. डबाबंद हसू प्रत्येक वाक्यामागे त्याच मापाचं येतं आणि कात्रीने कापल्यासारखं संपतं. टीकाकारांनी याला झोडपलं तर माझी हरकत नाही.

सावकाश:
रेंगाळण्याबद्दल. जाहिराती वगळता अमेरिकन वाहिन्यांवर अर्ध्या तासाच्या भागात साधारण २२ मिनिटं उरतात, तासाच्या भागात ४२ ते ४४. जाहिरातीनंतर आणि आठवड्याच्या खंडानंतर परतणाऱ्या माणसाला धागा सापडावा म्हणून माहिती दुसऱ्या पात्राच्या तोंडून पुन्हा सांगावी लागते. सलग सहा भाग पाहिले की ती टोचणारच. दिवसाला दोनच भाग बघावेत. आणि सुरुवातीचा 'मागील भागात' वगळू नये, कारण आज कुठलं कथासूत्र पुढे सरकणार हे त्यात कळतं.

'थांबलेल्या' भागांवर तर फारच अन्याय होतो. ड्रग्ज बनवणाऱ्या जोडीची मालिका 'ब्रेकिंग बॅड', तिच्या तिसऱ्या सीझनचा दहावा भाग पाहा. जवळजवळ अख्खा भाग दोन माणसं एका प्रयोगशाळेत माशी मारायला धडपडतात. खर्च वाचवायला आधीच उभ्या असलेल्या सेटवर लिहिला गेला. घडत काही नाही म्हणून त्याला शिव्या बसल्या. पण एक जण दुसऱ्याला मोठा गुन्हा सांगायच्या किती काठावर येतो, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्यात श्वास घ्यायला जागा नाही. आधीचे बावीस-पंचवीस तास पाहिले असल्याशिवाय हा ताण तयारच होत नाही. सिनेमाला तेवढा वेळ कुठून आणणार? 'द वायर' ही गुन्हेगारी मालिका साठ भागांत ड्रग्जचा धंदा, गोदी, महापालिकेचं राजकारण, शाळा आणि वर्तमानपत्र अशी एकेका सीझनला एकेक संस्था उलगडते. त्याला फुगवणं म्हणत नाहीत. सीझनचा बावीस भागांचा आकडा गाठायला जुन्या प्रसंगांचे तुकडे जोडून केलेले भाग मात्र खुशाल वगळा.

पंचवीस_फ्रेम:
अवांतर वाटेल, पण टीकाकार नक्की काय बघतोय तेही विचारा. जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीतली मालिका आजच्या रुंद १६:९ पडद्यासाठी करताना वर-खाली कापतात. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'साइनफेल्ड' ही सिटकॉम आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला! सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म टीव्हीसाठी २५ ने चालवली की सगळं सुमारे ४ टक्के जास्त वेगात जातं. २२ मिनिटांत ५३ सेकंद गायब, दुरुस्ती केली नसेल तर आवाजही किंचित चढा. विनोदाचा पॉज आधीच अर्ध्या सेकंदाचा असतो, त्यातून कापायला उरतं काय? टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत करणारी) सोय बंद करा, नाहीतर फिल्मवरचं नाट्यही स्टुडिओतल्या व्हिडिओसारखं दिसतं.

रिमोटधारी:
आभार. पहिले तीन-चार भाग बघून निकाल देणाऱ्यांना काय सांगायचं?

खुसपट:
'द ऑफिस' या कचेरीवरच्या विनोदी मालिकेची अमेरिकन आवृत्ती दाखवा. पहिला सीझन फक्त सहा भागांचा, त्यातला पहिला भाग तर ब्रिटिश मूळ संहितेच्या जवळजवळ मागोमाग जाणारा. दुसऱ्या सीझनमध्ये साहेबाचा कडवटपणा कमी केला आणि मालिकेला स्वतःचा सूर सापडला. म्हणून सुरुवात दुसऱ्या सीझनपासून करायला सांगा. पहिला नंतर बघितला तरी अडत नाही.