30 हजारात फिशिंग कयाक घ्यायची तर कडक प्लास्टिकचीच घ्या, हवेची नको (चर्चा)

चोरलकाठ, इंदूर
मंडळी नमस्कार. चार महिने झाले फिशिंग कयाक (मासे पकडायला एकट्याने वल्हवायची छोटी होडी) शोधतोय, बजेट 30 हजार, वल्हं आणि लाइफ जॅकेट धरून. माझं मत आता पक्कं झालंय, पटत नसेल तर खुशाल बोला. पैसे कमी असतील तर सगळे पैसे रुंद, सपाट तळाच्या, वर बसायच्या कडक कयाकमधे घालायचे, जुनी मिळाली तरी चालेल. रॉड होल्डर, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), उंच खुर्ची, पायाने चालवायचं पेडल हे सगळं नंतर. आणि हवा भरून फुगवायची तर नकोच.

का म्हणतोय ते सांगतो. मागच्या ऑक्टोबरात मित्राची कयाक घेऊन चोरल धरणावर गेलो होतो. लांबट, अरुंद, आत पाय घालून बसायची, रुंदी 24-25 इंचापेक्षा जास्त नसेल. सकाळचं पाणी एकदम शांत, आणि चालायला इतकी हलकी की वाटलं आपण पण अशीच घ्यावी. साडेआठला कटला मासा लागला, तीन किलोचा तरी असेल, दहा मिनिटं खेळवून डाव्या अंगाला आणला. रॉड डाव्या हातात, हातजाळी उजव्या हातात, मी वाकलो आणि त्याने शेवटचा झटका दिला. कड पाण्याखाली गेली, मांडीवर गार पाणी आलं, मी कमरेतून उजवीकडे अंग टाकायला गेलो पण आत शिरलेलं पाणी डावीकडेच धावलं आणि कयाक पालथी झाली. जॅकेट अंगात होतं म्हणून वाचलो. पण परत आत काही चढता येईना, आत पाणी भरलेलं, जोर लावला की पुन्हा कलंडायची, शेवटी पालथ्या तळाला धरून पाय मारत वीस मिनिटांनी काठाला लागलो. रॉड, रील, फोन, गाडीची चावी सगळं धरणात गेलं.

वर बसायच्या कयाकला डेकपासून तळापर्यंत आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी तिथून निघून जातं. पालथी झालीच तर सरळ करून पोटावर सरकत वर येता येतं. मटेरियल म्हणाल तर गच्चीवरची पाण्याची टाकी जशी बनते तशीच ही बनते, साच्यात पॉलिइथिलीनची पूड टाकून भट्टीत गोल फिरवतात. दगडावर घासली तर ओरखडा पडतो, बाकी काही होत नाही. माझा हिशोब असा आहे, रुंदी 32 ते 34 इंच, लांबी 10 फुटाच्या आसपास, आणि कंपनी जी वजनाची मर्यादा लिहिते तिच्या 70 टक्क्यात मी आणि सामान बसलं पाहिजे. मी 82 किलो, सामान 12, म्हणजे कयाकवर 135 किलो तरी लिहिलेले पाहिजेत.

तिसरा_मजला, सुदामा नगर
दादा, जे झालं ते वाईटच झालं, वाचताना अंगावर काटा आला. पण पडलात तुम्ही अरुंद कयाकमधून आणि नको म्हणताय हवेच्या कयाकला, हा कुठला न्याय? इंटेक्सची एक्सप्लोरर के-2 घ्या, रुंदी 91 सेंमी म्हणजे जवळपास 36 इंच, मर्यादा 180 किलो. तुमच्या यादीतल्या रुंदी आणि वजन या दोन्ही अटी ती पास करते. दोन बाजूंना जाड फुगलेल्या नळ्या आहेत, तुम्ही एका बाजूला कललात की तिकडची नळी आणखी दबते आणि तुम्हाला परत वर ढकलते. मी तीन सीझन वापरतोय, एकदा पण पालथी झाली नाही.

आणि घरचं काय? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. 25-30 किलोचं 10 फुटी धूड जिन्याच्या वळणावर अडकतं, मी भावाची नेऊन बघितलंय. माझी डिक्कीत मावते, गाडीला कॅरियर नको, दोऱ्या नको. तीस हजारात तुमची कडक कयाक येईलही पण ती बंगलोर नाहीतर मुंबईहून यायची, ट्रान्सपोर्टवालाच त्यातले किती खाईल त्याचा पण हिशोब मांडा.

इंदिरासागर_वाला
तिसरा मजला भाऊ, चोरलवर तुमचं बरोबर असेल, इकडे येऊन बघा. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणात 2004 मधे हरसूद गाव बुडालं, गावांबरोबर झाडं पण बुडाली, पाणी उतरलं की खोडं दिसतात, चढलेलं असलं की दिसत नाहीत आणि ती फार धोकादायक. फेब्रुवारीत माझ्यासमोर एका हवेच्या कयाकची खालची नळी बाभळीच्या बुंध्यावर टराटरा फाटली. बुडाली नाही, बाकी कप्प्यांत हवा होती, पण तो माणूस अर्धा पाण्यात बसून काठाला आला. शिवाय शिंगाडा मासा पकडलात तर त्याच्या परावरचा काटा बघा किती धारदार असतो, आणि तो मांडीजवळ फडफडतोय, खाली रबर. दुपारचा वारा सुटला की हवेची कयाक पाण्यावर उंच बसलेली असते, पतंगासारखी उडते, वल्हं मारून दमतो माणूस. एवढ्या मोठ्या पाण्यावर लाट पण तशीच मोठी उठते.

घनाचा_हिशोब
मी मेकॅनिकलवाला, थोडं आकड्यात सांगतो कारण दोन्ही बाजू "रुंदी रुंदी" म्हणतायत पण ती किती लागते ते कुणी सांगत नाही. लांबी आणि वजन तेच ठेवलं तर आकाराने मिळणारा स्थिरपणा रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. 30 इंचाची 34 इंच केली की तो जवळपास दीडपट होतो, 45 टक्क्यांनी वाढतो. म्हणून तीन-चार इंच रुंदीला पैसे द्यायला मागेपुढे बघू नका. पण खुर्ची 10 सेंमी उंच केली की तुमचं गुरुत्वमध्य तेवढंच वर जातं आणि कमावलेल्यातलं बरंच निघून जातं. चोरलकाठ, तुम्ही उंच खुर्ची यादीतून काढली ते सगळ्यात शहाणपणाचं केलंत.

एक मात्र पटत नाही. सपाट तळ शांत पाण्यात टेबलासारखा स्थिर वाटतो, पण लाट आली की तो लाटेच्या उतारालाच धरून कलतो. मोठ्या धरणावर जाणार असाल तर गोलसर किंवा किंचित व्ही आकाराचा तळ बघा. आणि के-2 ची 91 सेंमी ही बाहेरून मोजलेली आहे, आतला बसायचा भाग बराच अरुंद आहे आणि फुगवलेल्या तळामुळे तुम्ही उंच बसता, त्यामुळे कागदावर दिसतो तेवढा फायदा हाती लागत नाही.

तिसरा_मजला, सुदामा नगर
आतला भाग अरुंद हे मान्य. पण पाण्याला जी भिडते ती बाहेरची रुंदी, स्थिरपणा तिचाच ना? तुमचाच फॉर्म्युला. आणि इंदिरासागरवाले, मी तिकडे येतच नाही, मी काठापासून 50 मीटरच्या आत गळ टाकणारा माणूस आहे. माझ्यासारखे किती जण आहेत इथे, त्यांना का घाबरवताय?

विश्वामित्री_बडोदा
बडोद्याहून. इथे नदीत मगरी आहेत, शहरातून जाणाऱ्या नदीत, त्यामुळे तुम्ही कुठल्या पाण्यात उतरणार ते आधी ठरवा, कयाक मग. दुसरं, आम्ही 18 जानेवारी 2024 चं हरणी तलावाचं विसरू शकत नाही, शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि खूप जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. म्हणून माझं म्हणणं, 30 हजारातून पहिले पैसे चांगल्या लाइफ जॅकेटचे बाजूला काढा, उरलेल्यात जी बसेल ती कयाक. जॅकेट घालून, पट्टे आवळून, मित्राला खांद्यावरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत वर सरकलं तर ते जॅकेट तुमचं नाही.

मालवणची_लेक, राजवाडा
माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे होडीच्या बाजूला उलांडी असते, दोन दांड्यांवर बांधलेला लाकडाचा ओंडका, त्यामुळे अरुंद होडीसुद्धा डगमगत नाही. पिढ्यान् पिढ्या लोक त्याच्यावर समुद्रात जातायत. मग तुम्ही स्वस्तातली अरुंद कयाक घेऊन पीव्हीसी पाइपाची दोन्ही टोकं बंद करून, आडव्या पाइपाने बांधून उलांडी का नाही करत? दीड-दोन हजारात होईल, माझ्या नवऱ्याने केली आहे, आमची मुलगी पण बसते.

चोरलकाठ, इंदूर
मालवणच्या ताई, कल्पना फार आवडली, खरंच. पण माझ्या हाताला जो मासा झटका देतो तो बाजूला पळतो आणि दोरी उलांडीत अडकते, त्यातच मी परत वाकणार. शिवाय चांगली होडी बनवणारा हात तिकडे पिढ्यांचा आहे, आपल्या पाइपच्या सांध्यातून पाणी शिरलं तर एक बाजू जड होऊन उलट जास्त धोका. तुमच्या यजमानांनी सांधे कशाने बंद केले ते जरूर लिहा.

घनाचा हिशोब दादा, लाटेचं तुमचं बरोबर, चोरलसाठी सपाट तळ ठेवतो, पुढेमागे मोठ्या पाण्यावर गेलो तर बघू. बडोद्याचे भाऊ, जॅकेटचे पैसे कालच बाजूला काढले. पण तिसरा मजला, तुमच्याशी मी अजून सहमत नाही. बसल्या बसल्या हवेची कयाक स्थिर असते हे कबूल, माझा मुद्दा वेगळा आहे, पाण्यात पडल्यावर 82 किलोचा ओला माणूस त्या गुबगुबीत नळीवरून परत वर कसा येणार?

गळवाली, अन्नपूर्णा रोड
दोन गोष्टी राहिल्या. 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्यप्रदेशात मासेमारी बंद असते, त्या काळात नवी कयाक घेऊन उत्साहात निघू नका. बाकी दिवशी पण धरणाचा ठेका कुठल्या सोसायटीकडे आहे ते विचारूनच गळ टाका, त्या लोकांचं पोट त्याच्यावर आहे, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावतात बिचारे. इंदूरचे यशवंत सागर आणि सिरपूर तलाव 2022 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) आहेत, तिथले पक्षी बघायला जा, गळ घरी ठेवा.

जुनी घेणाऱ्यांसाठी: भोकांच्या कडांना टॉर्च लावून चीर बघा, ओढत नेल्याने मागचा तळ घासून पातळ झालाय का ते अंगठ्याने दाबून बघा, आत बादलीभर पाणी ओतून हलवा आणि कुठून थेंब येतो ते बघा. या प्लास्टिकला डिंक-फेव्हिकॉल काही चिकटत नाही, वेल्डिंगच करावं लागतं, म्हणून चीर असेल तर सोडून द्या.

चोरलकाठ, इंदूर
ताई, हे वहीत उतरवून घेतलं. देवासला एक जुनी आहे, मालक 33 इंच म्हणतोय, रविवारी टेप घेऊन जातोय.

तिसरा_मजला, सुदामा नगर
घेतलीत तर पुढच्या रविवारी चोरलला आणा, मी माझी आणि पंप आणतो. छातीएवढ्या पाण्यात जॅकेट घालून दोन्ही उलटवू, आणि दोघांनी दोन्हीवर परत चढून बघू. ओला 82 किलो माझ्या नळीवरून वर येतो की नाही ते तिथेच कळेल. पोहे माझ्याकडून.