गिलाव्यातलं थोडं सिमेंट काढून टाइल्सची पूड घालावी का?

गंगापूररोडकर: गेल्या आठवड्यात बाथरूमच्या जुन्या टाइल्स फोडल्या. 19 गोण्या राडारोडा निघाला. टेम्पोवाल्याने पैसे घेऊन तो कुठे ओतला, देव जाणे. अहो, ही भाजलेली मातीच की! मैद्यासारखी दळली तर सिमेंट भिजल्यावर जो चुना सुटतो, त्याच्याशी तिची सिलिका जुळते आणि माल धरतो. मग 50 किलोच्या गोणीमागे 7-8 किलो सिमेंट कमी करून ही पूड का घालू नये? जुन्या वाड्यांत चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालतच होते. सिमेंटची भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड उडतो तो वेगळाच.

सातपूरचा ठेकेदार: सुरखीच्या जोडीला चुना भरपूर असायचा, साहेब. आज दुकानातली गोणी बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. तिच्यात 15 ते 35 टक्के कोळशाची राख आधीच असते, आणि तीही हाच चुना खाते. चुना मोजकाच, त्याच पंगतीत तुम्ही आणखी एक पाहुणा बसवताय. आणि दळणार कुठे, पिठाच्या गिरणीत? हातोड्याने कुटलेली पूड वाळूचं काम करते, सिमेंटचं नाही.

सिन्नरी: पीपीसीचा मुद्दा सोळा आणे. पण म्हणून कल्पनाच मोडीत काढू नका. ओपीसी, म्हणजे बिनराखेचं साधं सिमेंट, घेऊन 10-15 टक्के पूड घातली तर जमतं, फक्त ताकद सावकाश येते. काँक्रीटला आयएस 456 हे भारतीय मानक साध्या सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी 10 दिवस पाणी मारायला सांगतं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळतात आणि मग भेगा पडल्या की पुडीच्या नावाने बोटं मोडतात.

सातपूरचा ठेकेदार: मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर 10 दिवस भिंत भिजवा, हे मालकाला तुम्ही सांगा. मी ऐकून घेतो.

पंचवटीची ताई: माझा प्रश्न धुळीचा आहे. फरशी कापताना मिस्त्री तोंडाला नुसता रुमाल बांधतो. त्याहून बारीक पूड घमेल्यात ओतताना कुणाच्या छातीत जाणार? सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली राख बारीक होऊनच निघते, तर टाइल दळायला पुन्हा वीज का जाळायची? माझ्या मते जाडसर कुटून फरशीखालच्या भरावात घाला, विषय संपला.

गंगापूररोडकर: भरावात घातली तर सिमेंट एक किलोही वाचत नाही, ताई! पण मास्कचं ऐकतो. ओपीसीची एक गोणी आणून कंपाउंडला हातभर पट्टा मारून बघतो, पाणी मी स्वतः मारीन.

सातपूरचा ठेकेदार: मारा. पण आतल्या बाजूने. रस्त्याकडून पोपडे निघाले तर लोक मला विचारतात.