वसुलीवाल्याचा फोन: आधी कागद मागायचे की गप्प बसायचं?

हिशेबनीस:
प्रसंग नेहमीचा. कधीकाळी बंद केलेलं क्रेडिट कार्ड, त्यावर राहिलेली चार-पाचशेची वार्षिक फी, आणि आता एजन्सीचा माणूस फोनवर ३८ हजार मागतोय. माझं मत स्पष्ट आहे: फोनवर हो-नाही काहीही बोलू नये, जन्मतारीख आणि पॅन तर मुळीच सांगू नये. लेखी हरकत घ्यावी, तीही एजन्सीला नव्हे, बँकेच्या तक्रार निवारण विभागाला. मजकूर छोटा ठेवा: "ही रक्कम मला मान्य नाही. या पत्रातून कोणतंही देणं मी कबूल करत नाही." मग कागद मागा: सहीचा अर्ज, पहिल्यापासूनची मासिक स्टेटमेंट, मुद्दल-व्याज-दंड-जीएसटी अशी फोड, शेवटच्या खरेदीची आणि शेवटच्या भरण्याची तारीख, एजन्सीचं अधिकारपत्र. कर्ज विकलं असेल तर कोणाला, कधी आणि कोणत्या कराराने.
ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. (रजिस्टर पोस्ट मागू नका, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच विलीन झालंय.)

मुदतबाह्य:
साफ असहमत. मुदत कायदा १९६३ प्रमाणे अशा दाव्याला ३ वर्षं. ती उलटली असतील तर पत्र लिहून स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? कलम १८ वाचा. देणं लेखी कबूल केलं की मुदत नव्याने सुरू. "देणं आहे पण देणार नाही" असं लिहिलं तरी ती कबुलीच धरतात. लोक रागाच्या भरात "मी तर फक्त २ हजारच देणं लागतो" असं लिहून मोकळे होतात. गप्प बसा, नंबर ब्लॉक करा.

कलमबहाद्दर:
कलम १८ अर्धंच वाचलंत. कबुली मुदत संपायच्या *आत* दिलेली असेल तरच नवी मुदत मिळते. ३ वर्षं उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीने मेलेला दावा उठत नाही. तिथे भीती वेगळी आहे: करार कायद्याचं कलम २५(३). मुदतबाह्य देणं फेडण्याचं सहीनिशी *वचन* दिलंत तर तो नवा करार होतो. सेटलमेंटच्या पत्रावर सही मागतात ती उगाच नाही. म्हणजे खरा धोका तिसऱ्या वर्षी आहे. "५०० रुपये टोकन भरा, व्याज माफ करतो" हा फोन नेमका तेव्हाच येतो, कारण मुदतीच्या आतल्या भागभरण्याने मुदत कायद्याचं कलम १९ लावता येतं, म्हणजे मुदत पुन्हा नव्याने सुरू.
हिशेबनिसांच्या नमुन्यात मात्र कबुली नाही. तेवढंच लिहा. कारणं, अडचणी, आजारपण, नोकरी गेली, यातलं काही नको.

मुदतबाह्य:
मान्य. पण मुदत गेली असेल तर पत्राने मिळतं काय? कोर्टाने मुदत कायद्याच्या कलम ३ खाली दावा स्वतःहून फेटाळायचा असतो.

पोचपावती:
फेटाळायचा असतो, पण तारीख कोणती धरणार? बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला व्याज चढत असतं आणि शेवटची नोंद ताजी दिसते. शेवटचा भरणा कधीचा हे दाखवणारा कागद तुमच्याकडे नसेल तर एकतर्फी निकालात कोण बघणार? शिवाय मुदत गेली म्हणजे देणं पुसलं जात नाही, फक्त दावा अडतो. क्रेडिट रिपोर्टमधली नोंद तशीच राहते आणि गृहकर्जाच्या वेळी डोकं वर काढते.
आणि "ब्लॉक करा" हा सल्ला लवादाच्या (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा देणाऱ्याच्या) नोटिशीला लावू नका. बँकेनेच एकतर्फी नेमलेला लवाद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या पर्किन्स ईस्टमन निकालाच्या (वादात हितसंबंध असलेल्याने एकट्याने लवाद नेमू नये) आधारे लगेच लेखी हरकत घ्या. निवाडा हातात पडल्यावर आव्हानाला ३ महिनेच असतात, फार तर वर ३० दिवस. लोकअदालतीच्या दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीच्या) नोटिशीचं तसं नाही. तिथे तडजोड सक्तीची नसते, गेलं नाही म्हणून कोणी वॉरंट काढत नाही, एजंट काहीही सांगो.

जर्सीकर:
वर दिलेल्या पत्राला इथे अमेरिकेत दात आहेत. १९७७च्या कर्जवसुली कायद्यानुसार एजन्सीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली की पडताळणी पाठवेपर्यंत वसुली थांबवावीच लागते. त्याच बळावर लोक भारतातल्या नातेवाइकांना इथलं नमुना पत्र पाठवतात, कलमांसकट! नका पाठवू. आणि इथेही "मूळ सहीचा करार दाखवा, नाहीतर कर्ज रद्द" हा गैरसमजच आहे. मूळ सावकाराचा आकडा जुळवून पाठवला तरी बऱ्याच कोर्टांना तेवढं पुरतं. ३१व्या दिवशी पाठवलं तर थांबवायचं बंधनही नाही.

हिशेबनीस:
बरोबर, आपल्याकडे असं आपोआप थांबवणारं कलम नाही. म्हणून पत्राचा उपयोग पुढच्या पायरीसाठी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा गोलमाल उत्तर दिलं, की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे तक्रार. फुकट आहे, वकिलामार्फत मात्र करता येत नाही. समांतर क्रेडिट रिपोर्टमधल्या नोंदीवर वाद नोंदवा. ३० दिवसांत निकाली लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. सकाळी ८च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतर आलेल्या फोनचे स्क्रीनशॉट त्याच तक्रारीला जोडा.

मुदतबाह्य:
ठीक, लवादाचा आणि क्रेडिट रिपोर्टचा मुद्दा मला पटला. तरी एक अट: तिसरं वर्ष चालू असेल तर पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नये. आणि सोबत सही केलेली पॅनची झेरॉक्स तर नकोच.

कलमबहाद्दर:
झेरॉक्सचं एकदम मान्य. वकिलाचं रकमेवर ठरवा. ४ हजारांच्या वादाला ५ हजारांचा वकील कोण लावणार? आणि शेवटी द्यायचं ठरलंच तर क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" (तडजोडीत मिटवलं) नको, "क्लोज्ड" (खातं बंद) अशी नोंद करणार हे बँकेच्या पत्रात आधी लिहून घ्या. पैसे बँकेच्या खात्यावर, एजंटच्या यूपीआयवर नाही.