मदत हवी आहे : मुलीला गहू कायमचा बंद, रोजचा स्वयंपाक आणि शाळेचा डबा कसा जमवायचा?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी तिसरीत आहे. बरेच दिवस तिचं वजन वाढत नव्हतं, पोट फुगलेलं असायचं आणि लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. रक्तात टीटीजी अँटीबॉडी (गहू सोसत नसेल तर वाढणारी प्रतिपिंडं) खूप वाढलेल्या निघाल्या, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याची बायोप्सी केली आणि सिलिअ‍ॅक आजाराचं निदान नक्की झालं. यात गव्हासारख्या धान्यांमुळे लहान आतड्याला इजा होते. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तिला आता जन्मभर वर्ज्य आहे. याला दुसरं औषध नाही, पथ्य हेच औषध.

तसं पाहिलं तर आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा सगळं आहे. वरण-भात, पोहे, साबुदाण्याची खिचडी, भाकरी यावर दिवस निघतो. पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया बंद केले, तेही अवघड गेलं नाही. अडचण आहे ती न दिसणाऱ्या गव्हाची. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत हिंगाची डबी आणायला सांगितली. डबीवर घटक पदार्थांत चक्क गव्हाचं पीठ लिहिलेलं! म्हणजे फोडणीच्या प्रत्येक वरणात, प्रत्येक भाजीत गहू. मग एकेक वस्तू तपासत गेले. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सोया सॉसमध्ये गहू. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे.

पहिली गिरणीची. आमच्या गिरणीत दिवसभर गहूच पडतो. त्याच जात्यातून आमची ज्वारी दळली तर ती मुलीला चालेल का? गिरणीवाले दादा भले आहेत, 'सकाळी पहिलं तुमचं दळून देतो' म्हणतात. तेवढं पुरतं का?

दुसरी डब्याची. भाकरी सकाळी मऊसूत असते, पण मधल्या सुट्टीपर्यंत तिचा पापड होतो. मुलगी अर्धी परत आणते. आधीच अंगात काही नाही, त्यात डबा परत आला की माझा जीव तुटतो.

तिसरी घरातली. सासूबाईंचा नातीवर फार जीव आहे. त्यांना वाटतं, पोळीचा एक घास किंवा सत्यनारायणाचा प्रसाद खाल्ला तर काय बिघडणार? खाल्ल्यावर तिचं पोट लगेच दुखतही नाही, त्यामुळे माझं म्हणणं त्यांना पटत नाही. त्यांना न दुखावता कसं सांगू?

ज्यांच्या घरी हे पथ्य आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, माझा मुलगा लहानपणापासून या पथ्यावर आहे, आता कॉलेजात जातो. उंची, वजन, रक्त सगळं भरून आलं. तुमच्या लेकीचंही येईल, धीर सोडू नका.

गिरणीचं स्पष्ट सांगते : चालणार नाही. पहिलं दळण असलं तरी जात्याच्या खाचांत आणि पीठ उतरतं त्या कापडी पिशवीत कालचा गहू असतोच. 'ग्लूटेनमुक्त' लिहायला आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅमची. गिरणीत हवेत उडणारं पीठ पाहिलंत तर हे किती थोडं आहे ते लक्षात येईल. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. बेसनही घरीच हरभरा डाळ दळून करा, सुटं विकतचं नको. वाण्याकडची ज्वारी नीट निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. ओट्सचंही तेच, वेष्टनावर ग्लूटेनमुक्त लिहिलं नसेल तर आणू नका.

घरघंटी येईपर्यंत पीठच लागणार नाही असं करा. तांदूळ आणि उडीद डाळ भिजवून मिक्सरमध्ये वाटा : आंबोळ्या, इडल्या, घावन. ज्वारी आणि नाचणीसुद्धा रात्रभर भिजवून वाटता येतात, त्यांची धिरडी छान होतात.

डब्यासाठी भाकरीची उकड काढा. पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून खळखळून उकळी आणा, त्यात ज्वारीचं पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट झालं की पाण्याचा हात लावून भरपूर मळा. मळण्यात कसूर नको, मऊपणा तिथूनच येतो. भाकऱ्या लहान नि पातळ लाटा, तव्यावरून काढल्या की लगेच तूप लावून फडक्यात गुंडाळा. थालीपिठात किसलेला दुधी किंवा उकडलेला बटाटा घातला तर तेही दुपारपर्यंत मऊ राहतं.

आणि चाळणी वेगळी करा! पोळपाट-लाटणं सगळे वेगळं करतात, चाळणी विसरतात. तिच्या जाळीतली कणीक धुऊनही निघत नाही.

प्रतिसाद

सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. आमच्याकडे डॉक्टरांनी आजीला समोर बसवून सांगितलं : आतड्याच्या आत बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते, गहू पोटात गेला की ती झिजते. पोट दुखो न दुखो, ती झिजतेच. म्हणूनच लोह अंगी लागत नव्हतं. हे ऐकल्यावर आजीच घरातली सगळ्यात कडक पहारेकरी झाली.

सणाचं त्यांच्यावरच सोपवा, जुन्या बायकांना बिनगव्हाचं खूप येतं. उकडीचे मोदक, पातोळ्या, खांडवी, अनारसे, सगळं तांदळाचं. प्रसादाचा शिरा तांदळाच्या रव्याचा होतो, फक्त तो रवा घरी काढलेला हवा. होळीला कणकेला हात लावण्याआधी पुरण काढून ठेवा आणि वाटीत वर तूप सोडून द्या. बाजारच्या उपासाच्या भाजणीवर मात्र विसंबू नका, तीही गिरणीतूनच येते.

शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि तिला चालणारा खाऊ त्यांच्याकडे डब्यात ठेवा. वाढदिवसाचा केक वाटतात तेव्हा मुलगी हात बांधून बसायला नको.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. उकडीची भाकरी उद्याच करते, आणि पुढच्या तपासणीला आईंना घेऊन जाणार, त्या लगेच तयार झाल्या. एकच विचारते : शेजारच्या काकू त्यांची जुनी घरघंटी देतायत, चांगली चालते. घासूनपुसून घेतली तर चालेल का?

प्रतिसाद

नको ताई. तिच्यात इतकी वर्षं गहूच दळला असणार, आतलं पीठ पूर्ण कधीच निघत नाही. थोडे पैसे साठवून नवीच घ्या. तोवर मिक्सर, आणि हिंग हवाच असेल तर वेष्टनावर ग्लूटेनमुक्त लिहिलेला बघून आणा, नाहीतर फोडणीला लसूण-जिरं घाला.